डिजिटल केबल विकत घेण्याआधी

२००८ साली डेनॉन या जपानी कंपनीने अमेरिकेत एक केबल विकायला काढली. लांबी दीड मीटर, किंमत ४९९ डॉलर. तेव्हाच्या दराने एकवीस हजार रुपयांच्या घरात. कंपनीच्याच डीव्हीडी प्लेअरमधून कंपनीच्याच होम थिएटर रिसीव्हरकडे डिजिटल आवाज पोचवायचा, एवढंच तिचं काम. दोन्ही टोकांना पिन होती ती घरातल्या इंटरनेटच्या राउटरला लागते तशीच, आणि सिग्नल कोणत्या दिशेने जाणार हे दाखवायला वर खुणाही केलेल्या होत्या. त्या केबलची तेव्हा यथेच्छ टिंगल झाली. पण टिंगलीने प्रश्न सुटला नाही, कारण तसल्या केबली आजही विकल्या जातात, घेणारे त्या घेतात, आणि घेतल्यावर आवाज सुधारला असं मनापासून सांगतात.

हा प्रश्न आता हौशी मंडळींपुरता उरलेला नाही. टीव्ही घेतला की साउंडबार येतो, फोनला हेडफोनचं भोक नसलं की टाइप-सी डोंगल येतं, आणि बिल होता होता दुकानदार विचारतो, ‘साहेब, सोबत चांगली केबल देऊ का?’ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत एकाच कामाच्या दोन केबलींच्या किमतीत दहापट फरक सहज सापडतो. एकीच्या खोक्यावर काहीच लिहिलेलं नसतं. दुसरीवर सोन्याचा मुलामा, चांदीचा थर, ऑक्सिजनविरहित तांबं असं बरंच काही असतं.

महागड्या डिजिटल केबलीने आवाज सुधारतो का? नाही. केबल धड असेल आणि त्या कामासाठीच बनवलेली असेल, तर स्वस्त आणि महाग केबलीतून येणारं गाणं तेच असतं. मात्र चुकीची केबल, चुकीचं सॉकेट, ढिली पिन आणि घरातलं अर्थिंग यांनी आवाज नक्की बिघडतो. पैसे आणि डोकं तिकडे खर्च करावं, कारण तिथला फरक कुणालाही ऐकू येतो.

जुन्या ॲनालॉग जोडणीत तारेतलं व्होल्टेज म्हणजेच आवाज असतो. वाटेत जी खरखर मिसळेल ती आवाजाचाच भाग बनते, मग ती वेगळी काढता येत नाही. डिजिटल तारेतून आवाज जात नाही, आवाजाचे आकडे जातात. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचा हिशेब घेतला तर डाव्या-उजव्या बाजूंसाठी प्रत्येकी दर सेकंदाला ४४,१०० आकडे, आणि प्रत्येक आकडा १६ बिटांचा. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. फोनवर कुणी दहा आकडी नंबर सांगताना त्याचा घसा बसलेला असला, तरी आकडे नीट ऐकू आले की नंबर तोच लागतो. डिजिटल जोडणीचं सगळं बळ यात आहे.

सीडी प्लेअर, टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्सच्या मागे ‘कोॲक्सियल’ आणि ‘ऑप्टिकल’ अशी जी दोन सॉकेटं दिसतात, ती सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून आखलेल्या एस/पीडीआयएफ पद्धतीची. तिच्यात आवाजाच्या बिटांसोबत काही जादा बिटही जातात, त्यामुळे सीडीच्या आवाजासाठी तारेतून सेकंदाला सुमारे २८ लाख बिट धावतात. हा आकडा मोठा वाटतो, पण डिशच्या अँटेनापासून टीव्हीपर्यंत येणारी साधी केबल याच्या शेकडो पट वेगाची कंपनं रोज वाहून नेते. कोॲक्सियल जोडणीत अर्ध्या व्होल्टचा हेलकावा पाठवला जातो आणि पलीकडच्या यंत्राला ०.२ व्होल्टसुद्धा पुरतो. व्होल्टेज किती उंच गेलं याला महत्त्वच नसतं. ते कधी पालटलं, यावरून शून्य की एक हे ठरतं. त्यामुळे दीड मीटरच्या तारेत सिग्नल किंचित मंदावला तरी आकड्यांना धक्का लागत नाही.

आता समजा केबल खरोखरच खराब आहे. मग काय ऐकू येतं? एस/पीडीआयएफमध्ये चुकलेला आकडा पुन्हा मागवायची सोय नाही; चूक झाली एवढंच एका जादा बिटावरून ओळखता येतं. मग रिसीव्हर मागचाच आकडा पुन्हा वापरतो किंवा क्षणभर गप्प बसतो. कानाला ते ‘टक्’, ‘फट्’ असं किंवा मध्येच आवाज गेल्यासारखं जाणवतं. केबल आणखी खराब असेल तर रिसीव्हर सिग्नल ओळखतच नाही आणि सगळं बंद पडतं. बास कमी झाला, गायिकेचा गळा बसल्यासारखा वाटला, तबल्याची चाट बोथट झाली, अशी लक्षणं इथे नसतात. ती असूही शकत नाहीत. बास वाढवायचा तर सेकंदाला ४४,१०० येणाऱ्या आकड्यांतला प्रत्येक आकडा शेजारच्या आकड्यांशी मेळ घालून नव्याने मोजावा लागतो. ते इक्वलायझरचं काम. तांब्याच्या तारेला गणित येत नाही.

मग महागड्या केबलीच्या बाजूने काहीच म्हणण्यासारखं नाही का? एक मुद्दा आहे, आणि तो बाजूला सारणं बरोबर नाही. एस/पीडीआयएफच्या तारेतून आकड्यांसोबत वेळही पाठवली जाते. कोणता आकडा नेमका कधी वाजवायचा हे पलीकडचं यंत्र सिग्नलच्या पालटांवरूनच ठरवतं. तारेची जडणघडण नीट नसेल, तर सिग्नलच्या कडा गोलावतात आणि आधी कोणते बिट येऊन गेले त्यानुसार प्रत्येक पालट किंचित पुढे-मागे सरकतो. आकडे सगळे बरोबर पोचतात, पण त्यांची वेळ हलते. याला जिटर म्हणतात. १९९२ साली ख्रिस डन आणि माल्कम हॉक्सफोर्ड या अभ्यासकांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात नेमका हाच प्रश्न मांडला होता: ही जोडणीच मुळात सदोष आहे का? तारेची मर्यादा आणि जिटर यांचा संबंध त्यांनी गणिताने दाखवून दिला. तेव्हा ‘बिट म्हणजे बिट’ एवढं म्हणून मोकळं होणारे अर्धीच गोष्ट सांगतात.

उरलेली अर्धी गोष्ट ही की हा जिटर कानाला कळण्याइतका असतो का. एरिक बेंजामिन आणि बेंजामिन गॅनन यांनी १९९८ साली याची ऐकून चाचणी घेतली. प्रयोगशाळेतल्या शुद्ध स्वरावर, मुद्दाम घातलेला जिटर साधारण १० नॅनोसेकंदांपर्यंत खाली ओळखता आला. प्रत्यक्ष संगीतात तो २० नॅनोसेकंदांच्या वर जावा लागला. २००५ साली जपानमध्ये आशिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यादृच्छिक जिटरवर प्रयोग केले, तेव्हा ऐकणाऱ्यांना फरक कळायला काहीशे नॅनोसेकंद लागले. या आकड्यांच्या शेजारी यंत्रांतले आकडे ठेवून पाहावेत. बऱ्याच उपकरणांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या रिसीव्हर चिपमध्ये जिटर काहीशे पिकोसेकंद असतो, आणि एक हजार पिकोसेकंद मिळून एक नॅनोसेकंद होतो. एका नॅनोसेकंदाच्या जिटरने १० किलोहर्ट्झच्या स्वराशेजारी जो भलता स्वर उमटतो, तो मूळ स्वराहून जवळपास ९० डेसिबल खाली असतो. घरातला पंखा बंद केला तरी तो ऐकू येणार नाही. शिवाय आजचे बरेचसे डॅक, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी यंत्रं, आलेले आकडे आधी साठवून घेतात आणि स्वतःच्या घड्याळाबरहुकूम वाजवतात. जिटर खरा आहे, पण त्याच्यावरचा उपाय चांगल्या डॅकमध्ये असतो. केबल त्यात फार थोडी भर घालते.

इंटरनेटच्या केबलीबाबत तर एवढीही शंका उरत नाही. गाणं नेटवर्कवरून येतं तेव्हा ते तुकड्यातुकड्यांनी येतं, प्रत्येक तुकड्याची तपासणी होते, बिघडलेला तुकडा पुन्हा मागवला जातो आणि सगळं आधी मेमरीत साठतं. केबलीतल्या वेळेचा वाजवण्याच्या वेळेशी संबंधच राहत नाही. तरीही ‘ऑडिओसाठी खास’ इथरनेट केबली निघाल्याच. २०१५ च्या जुलैत आर्स टेक्निका या अमेरिकी तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने चमत्कारांचे दावे तपासणाऱ्या जेम्स रँडी यांच्या संस्थेसोबत लास व्हेगासमध्ये तशी एक केबल तपासली. सुमारे ३४० डॉलरची ऑडिओक्वेस्ट कंपनीची केबल एकीकडे, काही डॉलरची साधी केबल दुसरीकडे, आणि ऐकणाऱ्यांना कोणती लावली आहे हे सांगायचं नाही. लोकांनी मन लावून ऐकलं. कुणालाही दोन्हींतला फरक ओळखता आला नाही.

यूएसबीचं गणित थोडं वेगळं आहे. आवाजासाठी यूएसबी जी पद्धत वापरते तिच्यात चूक कळते, पण बिघडलेला तुकडा परत मागवला जात नाही. म्हणून खराब यूएसबी केबलीने आवाजात टकटक येऊ शकते किंवा तो तुटू शकतो. त्याची कारणं साधी असतात: पिन ढिली, केबल पाच मीटरहून लांब, मधे दोन-दोन हब जोडलेले, किंवा मुळात ती फक्त चार्जिंगची केबल. या शेवटच्या प्रकाराने भलतीच दमछाक होते. पॉवर बँकेसोबत आलेल्या काही केबलींत विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. अशा केबलीवर डॅकचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला डॅक दिसत नाही, आणि डॅक बिघडला असं समजून माणूस दुकान गाठतो. आधी फोनमधले फोटो त्या केबलीने कॉम्प्युटरवर घेता येतात का ते पाहावं. बरेचसे चांगले यूएसबी डॅक ‘असिंक्रोनस’ पद्धतीने चालतात, म्हणजे घड्याळ डॅकचं आणि कॉम्प्युटर त्याच्या मागणीप्रमाणे आकडे पुरवतो. तिथे केबलीमुळे जिटर वाढण्याचा प्रश्न येत नाही.

टाइप-सीचं डोंगल मात्र वेगळ्या जातीचं. दिसायला ते बोटभर लांबीच्या केबलीसारखं असतं, पण बहुतेक डोंगलांच्या पोटात छोटा डॅक आणि छोटा ॲम्प्लिफायर असतो. तेव्हा दोन डोंगलांच्या आवाजात फरक ऐकू आला तर तो खरा असू शकतो. काही स्वस्त डोंगलांत चिप नसते. ती फोनच्या आतल्या ॲनालॉग आवाजावर चालतात आणि ज्या फोनमध्ये ती सोय नाही त्यात मुकी राहतात. घेताना ‘यात डॅक आहे का’ एवढं विचारावं आणि आपल्याच फोनवर लावून पाहावं.

घरोघरी सगळ्यांत जास्त घोळ होतो तो टीव्ही आणि साउंडबारच्या जोडणीत. साउंडबारवर ‘डॉल्बी ॲटमॉस’ लिहिलेलं असतं, जोडणी ऑप्टिकल केबलीने केलेली असते, आणि ॲटमॉस काही लागत नाही. मग महाग ऑप्टिकल केबल आणली जाते. तिनेही काही होत नाही, कारण ऑप्टिकल जोडणीतून साधा स्टिरिओ किंवा जुन्या पद्धतीचा आकुंचित ५.१ आवाजच जातो. ॲटमॉस तिच्यातून जातच नाही, केबल कितीही भारी असो. त्यासाठी एचडीएमआय लागते, आणि तीही टीव्हीच्या कोणत्याही भोकात घालून चालत नाही. शेजारी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेलं असतं त्याच सॉकेटात ती घालायची. एआरसीवर ओटीटीवरचं ॲटमॉस जाऊ शकतं, कारण ते दाबून लहान केलेलं असतं. ब्लू-रे डिस्कवरचं दर्जेदार ॲटमॉस टीव्हीमार्गे साउंडबारपर्यंत न्यायचं तर ईएआरसी लागतं. त्याची क्षमता सेकंदाला ३७० लाख बिटांपर्यंत आहे. एवढं झाल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार ‘पीसीएम’ ठेवलेला नाही ना, तेही पाहून घ्यावं. तिथे ‘पास-थ्रू’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ असावं. अनेक घरांत नवी केबल न आणता या एका बदलानेच काम होतं.

ओठ आणि आवाज मागे-पुढे होत असतील तर त्याचाही दोष केबलीचा नसतो. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेतो आणि आवाज आधी पोचतो. ‘ऑडिओ डिले’ नावाच्या सेटिंगने ते जुळवता येतं.

एचडीएमआयमध्ये स्वस्त केबल फसते ती लांबीत. दोन मीटरला निमूट चालणाऱ्या प्रकारची केबल दहा मीटरला ४के चित्र झेपवत नाही. चित्रावर पांढरे ठिपके चमकतात, पडदा क्षणभर काळा होतो, आवाज तुटतो. इथेही बिघाड स्वतः ओरडून सांगतो, आवाजाचा पोत हळूच बदलत नाही. छोट्या अंतराला ‘प्रीमियम हाय स्पीड’ किंवा ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं प्रमाणपत्राचं लेबल असलेली केबल घ्यावी. लेबलवरचा कोड मोबाइलने तपासता येतो. प्रोजेक्टरसाठी हॉलभर लांब केबल न्यायची असेल तर आत काचेचा तंतू असलेली, ऑप्टिकल प्रकारची एचडीएमआय घ्यावी. तिला दिशा असते. कोणतं टोक प्लेअरचं आणि कोणतं पडद्याचं हे तिच्यावर छापलेलं असतं, आणि ती उलटी लावली तर खरंच चालत नाही.

आता त्या एका त्रासाकडे वळावं, ज्यात डिजिटल केबलीचा प्रकार बदलल्याने आवाज खरोखर सुधारतो: घरघर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही घरघर ५० आणि १०० हर्ट्झच्या आसपास वाजते. काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर असते, म्हणजे घरघर आणि तानपुरा एकाच पट्ट्यात शेजारी शेजारी नांदतात. आलापी चालू असताना ती घरघर तानपुऱ्यातच मिसळून जाते, कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त सगळं थोडं गढूळ वाटतं. म्हणून गाणं थांबवून, ॲम्प्लिफायर नेहमीच्याच आवाजावर ठेवून, स्पीकरजवळ कान न्यावा.

ही घरघर आकड्यांतून येत नाही. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर एका सॉकेटात, ॲम्प्लिफायर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटात, आणि दोघांच्या मध्ये यूएसबी किंवा कोॲक्सियल केबल. केबलीच्या बाहेरच्या धातूच्या जाळीने दोन्हीकडचं अर्थिंग जोडलं जातं आणि त्या वळशातून विजेच्या लाइनीचा प्रवाह फिरू लागतो. तो पुढे ॲम्प्लिफायरच्या ॲनालॉग भागात घुसतो आणि तिथे आवाज बनतो. केबल टीव्हीची इमारतीवरून आलेली तारही असाच वळसा तयार करते. कारण शोधायला एक एक जोडणी सोडवून पाहावी. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घरघर थांबली, किंवा केबल टीव्हीची तार टीव्हीतून काढली आणि थांबली, तर चोर सापडला.

उपाय स्वस्त आहेत. आधी सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावीत. तेवढ्याने भागलं नाही तर कोॲक्सियलऐवजी ऑप्टिकल केबल लावावी. तोशिबाने १९८३ साली आणलेल्या या टॉसलिंक जोडणीत तांबं नसतं. प्लास्टिकच्या तंतूतून तांबडा प्रकाश जातो, त्यामुळे दोन यंत्रांचा विजेचा संबंधच तुटतो. यूएसबीसाठी ‘आयसोलेटर’ नावाची छोटी डबी मिळते. घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नये. आवाज थांबेल, पण यंत्राच्या धातूच्या पेटीत वीज उतरली तर ती हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढेल. जुन्या इमारतींत सॉकेटाला तीन भोकं असतात आणि तिसऱ्यामागे तारच नसते, हेही इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावं. हजारो रुपयांच्या केबलीपेक्षा ती तपासणी घरासाठी आणि आवाजासाठीही जास्त मोलाची आहे.

ऑप्टिकल केबलीच्या दोन खोड्या माहीत असाव्यात. नव्या केबलीच्या टोकांवर छोटी पारदर्शक टोपणं असतात. ती काढायला लोक विसरतात, मग पिन पूर्ण आत जात नाही आणि आवाज येत नाही किंवा तुटत येतो. आणि ही केबल टीव्हीच्या मागे भिंतीला चेपून काटकोनात दुमडली तर आतला तंतू दुखावतो. एक टोक यंत्रात ठेवून दुसरं टोक तळहातासमोर धरलं की तांबडा ठिपका दिसतो. तो मिणमिणता असेल तर टोक पुसावं, वळण मोकळं करावं.

कोॲक्सियलसाठी हवी ती ७५ ओहमची केबल, आणि ती अनेक घरांत आधीच पडलेली असते. डिशच्या जोडणीला वापरतात ती आरजी-६ जातीची केबल ७५ ओहमचीच. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत तिच्या दोन्ही टोकांना चांगल्या आरसीए पिना बसवून मिळतात. जुन्या डीव्हीडी प्लेअरच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या केबलीतली पिवळी पिन व्हिडिओसाठी असते, आणि व्हिडिओची केबलही ७५ ओहमलाच आखलेली असते. मीटर-दीड मीटरला ती डिजिटल आवाजासाठी बिनधास्त वापरावी. लाल-पांढरीतली एखादी तारही बहुधा चालून जाते, पण अंतर जास्त असेल तर त्या भानगडीत पडू नये.

कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पिनांवर समुद्राच्या हवेचा मुक्काम असतो. पावसाळ्यानंतर पिना काळवंडतात, संपर्क ढिला पडतो आणि टकटक सुरू होते. सोन्याचा पातळ मुलामा गंजत नाही, तेवढ्यापुरता तो उपयोगी. आवाज गोड करत नाही. वर्षातून एकदा वीज बंद करून पिना काढाव्यात, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात, पूर्ण वाळल्यावर पुन्हा घट्ट बसवाव्यात.

केबल आकडे जसेच्या तसे पोचवते की नाही हे घरीच तपासता येतं. ज्यांच्याकडे डीटीएस ही सराउंड आवाजाची पद्धत ओळखणारा रिसीव्हर आहे त्यांनी डीटीएसमध्ये ध्वनिमुद्रित केलेली सीडी किंवा तशी फाइल, रिसीव्हरचा आवाज अगदी कमी ठेवून, कोॲक्सियल किंवा ऑप्टिकल जोडणीतून वाजवावी. रिसीव्हरवर ‘डीटीएस’ उमटलं आणि गाणं सलग वाजलं, तर आकडे शाबूत पोचताहेत. आकडे वाटेत बदलले तर रिसीव्हरला ते डीटीएस आहे हेच कळत नाही आणि नुसता खरखराट ऐकू येतो. या चाचणीत केबल क्वचितच नापास होते. नापास होतो तो बहुधा कॉम्प्युटर किंवा फोन. कॉम्प्युटरचा आवाज पूर्ण नसला किंवा कॉम्प्युटर ४४.१ किलोहर्ट्झचं गाणं ४८ वर बदलून पाठवत असला, तर आकडे केबलीत शिरण्याआधीच बदललेले असतात. अँड्रॉइड फोन बऱ्याचदा असं करतात, आणि विंडोजही करतं. प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘एक्सक्लुझिव्ह मोड’ निवडला की विंडोजची ढवळाढवळ थांबते.

आणि तरीही कुणाला दोन केबलींत फरक वाटत असेल, तर तो माणूस खोटं बोलतो असं समजू नये. नवी वस्तू लावली की कान टवकारून ऐकलं जातं, पूर्वी निसटलेली सारंगी आता सापडते, आणि ती केबलीने आणून दिली असं वाटतं. याची शहानिशा मात्र करता येते. घरातल्या दुसऱ्या कुणाला यंत्रामागे बसवावं. त्याने नाणं उडवून केबल लावावी, कोणती लावली ते कागदावर लिहावं आणि काही न बोलता, तोंड न दाखवता मागेच थांबावं. आवाजाच्या बटणाला हात लावू नये, कारण जरा मोठा आवाज नेहमीच जास्त चांगला वाटतो. गाणं तेच ठेवावं, पाठ असलेलं. असं सोळा वेळा करून ऐकणाऱ्याने किमान बारा वेळा बरोबर ओळखलं तर ते गांभीर्याने घ्यावं. निव्वळ नशिबाने तसं घडण्याची शक्यता शंभरात चारहूनही कमी असते. नऊ-दहा वेळा बरोबर येणं म्हणजे नाण्याचाच निकाल.

केबलीवर वाचलेले पैसे कुठे लावावेत? स्पीकरवर, आणि ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणाऱ्या तारेवर. ही तार ॲनालॉग असते, तिच्यातून खरा प्रवाह वाहतो आणि तिची जाडी खरंच आवाजावर परिणाम करते. स्पीकर दहा मीटरवर असेल तर जायची-यायची मिळून वीस मीटर तार होते. अर्धा एमएमची बारीक वायर एवढ्या अंतरात जवळपास पाऊण ओहम अडथळा घालते, आणि ४ ओहमच्या स्पीकरला तो जाणवतो. अडीच एमएमच्या वायरीत तोच अडथळा पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त, म्हणजे ०.१६ ओहम उरतो. त्यासाठी परदेशी ब्रँड लागत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी चांगल्या तांब्याची लवचीक वायर पुरते. फक्त ती अस्सल तांब्याची असावी, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची नसावी. वायरीचं टोक चाकूने खरवडलं की आत पांढरं दिसतं का, यावरून ते दुकानातच कळतं.

नव्या घरात किंवा रंगकाम-दुरुस्तीच्या वेळी केबली भिंतीत घालायच्या असतील, तर नुसती केबल प्लास्टरखाली गाडू नये. रुंद पाइप टाकावा, वळणं गोल ठेवावीत आणि आत एक जादा नायलॉनची दोरी सोडून ठेवावी, म्हणजे पुढे एचडीएमआयची नवी आवृत्ती आली तर जुनी केबल ओढून काढता येते. आणि गवंड्याने भिंत बुजवण्याआधी टीव्ही आणि साउंडबार जोडून, ४के चित्र आणि ॲटमॉसचा आवाज लावून, पूर्ण एक सिनेमा पाहून घ्यावा.